मंगळवार, शुक्रवार

ओरोसहून आणली तेव्हा अँब्युलन्सवाल्याने विचारलं,
घर कुठवर?
म्हटलं, वाळू लागेपर्यंत ने.
पुढे सर्जेकोटातल्या चौघांनी उचलली,
लाल प्लास्टिकच्या खुर्चीत,
आणि ती डाव्या हाताने पदर सावरत राहिली
वरातीत बसवल्यासारखी.

डॉक्टरने कागदावर लिहिलंय ते वाचता येतं मला,
कळत नाही. कळलं ते एवढंच:
दर दोन तासांनी कूस बदला.
ते जमतं.
चाळीस वर्षं भरतीच्या हिशेबाने उठलोय,
रात्री दोनला जाग येते ती येतेच,
फक्त होडीऐवजी बायको लोटायची असते.

पडवीपासून मोरीपर्यंत दोर बांधलाय,
नायलॉनचा, होडीवरचा जुना,
हातभर अंतरावर एकेक गाठ.
पहिल्या दिवशी दुसरीपर्यंत गेली.
दिवाळीला सातवी.
भाऊबीजेला पुन्हा तिसरीवरच बसली, उठेना.
मोरी अकराव्या गाठीला आहे.

पेज घट्ट हवी. हनुवटी खाली. एक घोट. थांब. परत गिळ.
पातळ पाणी छातीत जातं म्हणतात.
बुडणारी माणसं मी दोनदा ओढून काढलीत,
चमचाभर पाण्याला भ्यायला
हे वय उजाडावं लागलं.

वेणीचं पुण्याहून मुलगी फोनवर सांगते,
बाबा, तीन पेड करा.
तीन पेडांचा दोर मला वळता येतो.
वळला.
द्रौपदीने असं बघितलं की सोडून
परत सैल घातली.

आफरीन मालवणहून येते, स्कूटीवर,
मंगळवारी आणि शुक्रवारी.
हेल्मेट तुळशीच्या कट्ट्यावर ठेवते,
मग आठवून उचलते, पायरीवर ठेवते.
आधी पाय, मग हात, मग वही.
वहीत चित्रं: किल्ली. छत्री. घड्याळ.
द्रौपदी गप्प.
जिच्या तोंडाला मालवणच्या बाजारात
पोलीससुद्धा लागत नसे, ती.

एकदा कंटाळून मी टोपलीतला बांगडा उचलून धरला.
"शंभराक चार," ती म्हणाली, स्वच्छ,
"पाच गावचे नाय."
आफरीनच्या हातातलं पेन खाली पडलं.

त्यानंतर आठवडाभर मी उधारीवर मासळी आणली,
पेडवे, सौंदाळे, एक अख्खी इसवण.
भाव जुने होते तिचे,
काही वीस वर्षांमागचे.
मी घासाघीस केली नाही.

मग एका शुक्रवारी आफरीनने बोट माझ्याकडे वळवलं.
"काकी, हे कोण? नाव सांगा बघू."

आता हे त्या मुलीला कसं सांगू.
त्रेचाळीस वर्षांत हिने नाव घेतलं ते एकदाच,
उंबऱ्यावर, बायकांनी दार अडवून धरलं म्हणून.
रेशनच्या रांगेत कारकुनाने विचारलं
तर शेजारणीला कोपर मारायची, तू सांग.
ओरोसलाही विचारलं होतं.
ही गप्प, आणि डॉक्टरने शून्य घातलं कागदावर.
मी काही बोललो नाही तिथे.
मलाच ठाऊक नव्हतं
येत नाही म्हणून गप्प, की घ्यायचं नाही म्हणून.

आफरीन थांबली. हिने माझ्याकडे बघितलं,
मग खांबाकडे.
तोंडाची जी बाजू ऐकते
ती हसली.
पेन वहीला टेकलं, उचललं गेलं.
"काका, हे बरोबर धरू की चूक?"
म्हटलं, मंगळवारी बघू.

रात्री दोनला कूस बदलताना
काळोखात म्हणाली, "अवो."
पाणी हवं होतं.
चमच्याने दिलं, हनुवटी खाली धरून.

आठवी गाठ सैल झालीय.
उजाडलं की पहिली ती मारायची.